नाटकाचा सिनेमा आणि आमचे तात्या

नाटकाचा सिनेमा करणे म्हणजे उकडीचे मोदक पाकिटात घालून पोस्टाने पाठवणे, असे आमचे तात्या म्हणत. पोचतात, पण जे पोचते त्याला मोदक म्हणायचे धाडस फक्त पोस्टमनच करील.

तात्या म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते, पण हे सरकारच्या दृष्टीने. स्वतःच्या दृष्टीने ते प्रॉम्प्टर होते. खात्यातल्या नाटकवेड्या मंडळींचे दर वर्षी एक नाटक होई आणि त्या प्रत्येक नाटकात तात्या विंगेत एका स्टुलावर, मांडीवर वही आणि हातात बॅटरी घेऊन बसलेले असत. तेवीस वर्षांत ते एकदाही रंगमंचावर आले नाहीत आणि तेवीस वर्षांत एकही नाटक त्यांच्यावाचून पुढे सरकले नाही. संसारातही त्यांनी हीच भूमिका पत्करली होती. आई पाहुण्यांना काही सांगू लागली, की वाक्य अर्धे होते न होते तोच उरलेले अर्धे आरामखुर्चीतून दबक्या आवाजात येई. आईला पंचावन्न वर्षे त्याचा राग आला. पुढे तिला खरोखरच विसरायला होऊ लागले, तेव्हा मात्र तो राग गेला.

अशा माणसाला सिनेमा आवडणे शक्यच नव्हते. “त्यात कुणी विसरतच नाही रे,” ते म्हणत. “विसरला तर कापतात नि पुन्हा घेतात. मग बघायचं काय? डोंबाऱ्यानं दोरी जमिनीवर अंथरली आणि तिच्यावरून चालला, तर तू पैसे टाकशील का?”

मी सिनेमाच्या बाजूचा. तात्यांना वादात एकदा तरी चीत करावे, एवढ्याच पवित्र हेतूने मी नाटक-सिनेमाचा इतिहास वाचायला घेतला. माणसे ज्ञानासाठी वाचतात म्हणे. आमच्या घरी वाचन हे नेहमी कुणाची तरी जिरवण्यासाठी झाले आहे.

पण इतिहासाने पहिल्याच पानावर माझी फजिती केली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच्या आधी जवळजवळ एक वर्ष, म्हणजे १८ मे १९१२ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. मग पहिलेपणाचा मान त्याला का नाही? कारणे सांगतात ती अशी : कॅमेरा चालवणारा माणूस परदेशी होता, फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती, आणि मुख्य म्हणजे तो सिनेमा नव्हताच. ते एका नाटकाचे चित्रण होते. कॅमेरा एका जागी उभा केला, समोर नटांनी नाटक केले आणि झाले.

मी हे तात्यांना सांगितले मात्र, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा त्यांचा विजयाचा संकेत असे. “म्हणजे नाटकाचा सिनेमा केला म्हणून बिचाऱ्याचा पहिला नंबर गेला. अजून काय पुरावा पाहिजे तुला?”

या तोरणे प्रयोगाची एक आवृत्ती पुढे आमच्याच सोसायटीत निघाली. साल १९८६. तात्या त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि सोसायटीच्या गणेशोत्सवातले नाटक त्यांनी ताब्यात घेतले होते. नाटक म्हणजे एक तीन अंकी फार्स. त्यात मी नायक होतो. माझ्यावर एवढा अन्याय करू नका; सोसायटीत धोतर नेसता येणारे दोघेच होते आणि दुसऱ्याला कावीळ झाली होती.

प्रयोग असा रंगला म्हणता! लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दुसऱ्या अंकात मी कपाटातून बाहेर येतो आणि समोर सासरे उभे, या प्रसंगाला तर मिनिटभर हशा चालला होता. मी आपला कपाटाचे दार धरून हशा ओसरण्याची वाट पाहत उभा. त्या एका मिनिटात मला आपण दिनूभाऊ जोशांच्या किराणा दुकानासमोर राहणारे विमा एजंट आहोत, याचा संपूर्ण विसर पडला होता.

सेक्रेटरींनी त्या दिवशी लग्नात शूटिंग करणाऱ्या एकाला व्हिडिओ कॅमेरा घेऊन बोलावले होते. त्याने तो हॉलच्या एका कोपऱ्यात, विंगेला चिकटून तिपाईवर चढवला, बटण दाबले आणि तो प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. चार दिवसांनी सगळी सोसायटी सेक्रेटरींच्या घरी टीव्हीसमोर जमली. पहिल्या दहा मिनिटांत पोरे उठली. अर्ध्या तासात बायकांना कुकर आठवले. शेवटी राहिलो आम्ही नट, तेही एकमेकांकडे न बघता.

तेच नाटक, तीच माणसे, तीच वाक्ये. पण जिथे हशा झाला होता, तिथे कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत नुसतीच एक खरखर पोचली होती. आणि हशासाठी थांबलेला मी? पडद्यावर एक मनुष्य कपाटाचे दार धरून मिनिटभर निश्चल उभा होता. घरातला गॅस बंद केला की नाही हे आठवत असावा, असा त्याचा चेहरा. माझी बायको तेव्हा फक्त एवढेच म्हणाली, “त्या दिवशी बरं वाटलं होतं हो!” शिवाय माइक विंगेजवळ असल्यामुळे तात्यांचे प्रॉम्प्टिंग मात्र घंटेसारखे खणखणीत आले होते. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई, आधी तात्यांच्या आवाजात आणि मग आमच्या.

त्या रात्री मला ‘पुंडलिक’चे मर्म कळले. नाटकातले निम्मे काम खुर्चीत बसलेला माणूस करीत असतो. तो हसतो, उसासतो, कुणी खोकला तर चिडतो, आणि त्याच्या हसण्या-उसासण्यावर नट आपला पुढचा श्वास बेततो. कॅमेरा समोर ठेवून नुसते नाटक टिपले, तर नटांचे निम्मे तेवढे फिल्मवर येते. उरलेले निम्मे प्रसाद घेऊन घरी जाते.

हीच गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी माझ्या आजोबांना कळली होती, पण फार महागात.

आमचे घराणे सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते हे गाव. त्यामुळे नाटक हा आमच्याकडे शौक नव्हता. गुडघेदुखीसारखे ते पिढीजात होते. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची दोन दैवते, गणपती आणि बालगंधर्व. गणपतीला फक्त चतुर्थीला उपास असे. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. त्यातली भामिनी अण्णांनी किती वेळा पाहिली याचा हिशेब घरात कुणी विचारत नसे, कारण आजीच्या बांगड्यांचा हिशेबही मग त्याच वहीत निघाला असता. नारायणराव राजहंस हा एक पुरुष आहे हे अण्णांना माहीत होते. सगळ्या महाराष्ट्रालाच माहीत होते. तरी घरंदाज बायका त्यांचे पाहून लुगडे नेसत आणि अंबाड्यात फुले माळत. हे कसे होई? अण्णा म्हणत, “अंतर, बाबा, अंतर! देव गाभाऱ्यात असतो तो काय उगीच?”

पुढे बोलपट आला. नाटक कंपन्या कर्जात बुडत चालल्या होत्या, थिएटरांचे सिनेमे होत होते. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये व्ही. शांतारामांनी बालगंधर्वांना संत एकनाथ केले. पुरुषाची भूमिका! ज्यांना भामिनी पाहायची होती त्यांना एकनाथ महाराज भेटले. काही प्रेक्षकांनी नमस्कार केला आणि ते घरी गेले. ‘प्रभात’शी जमलेले ते नाते त्या एका चित्रपटापुरतेच राहिले. मग १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ निघाला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. म्हणजे ज्यांचे पडदे आणि ज्यांची चित्रे पाहून लोकांनी तोंडात बोटे घातली असे कलावंत. चित्रपटाचा आधार ‘अमृतसिद्धि’ हे नाटक, आणि मीराबाई स्वतः बालगंधर्व. नाटकच जवळजवळ कॅमेऱ्यासमोर उभे केले होते.

अण्णा नऊ वर्षांच्या तात्यांना घेऊन तो पाहायला गेले. तात्या सांगत, “अण्णांनी कोट घातला होता, अत्तर लावलं होतं. थेटरात दिवे गेले. गंधर्व गायला लागले आणि अण्णांनी डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडले...” इथे तात्या थांबत. समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर, हाताच्या अंतरावर आणावा तसा, पन्नाशीला टेकलेल्या एका थकलेल्या पुरुषाचा चेहरा होता. रंग चढवलेला, पदर घेतलेला. आवाज तोच, पण गाभाऱ्याचे दार कुणीतरी सताड उघडून आत ट्यूबलाइट लावला होता. “अण्णा मध्यंतरात उठले. रस्त्यात एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर आजीनं विचारलं, कसा होता? तर म्हणाले, गाणं चांगलं होतं. मला झोप आली.”

अण्णांना ‘मानापमान’ चालू असता आयुष्यात कधी झोप आली नव्हती. हा चित्रपट पडला. कॅमेऱ्याला आदर म्हणून माहीत नाही, हे तात्यांनी नवव्या वर्षी पाहिले. त्यांचा सिनेमावरचा राग हा तत्त्वज्ञानातून आलेला नव्हता. आपल्या बापाचा उतरलेला चेहरा त्यांनी त्या दिवशी पाहिला होता, आणि तोही क्लोजअपमध्येच.

आता मी सिनेमाचा वकील. मी म्हणत असे, “तात्या, यात सिनेमाचा काय दोष? पुरुषानं बाईची भूमिका करणं हेच कॅमेऱ्याला झेपत नाही.” तर ते म्हणत, फाळक्यांकडे काय होते? खरेच होते. ‘हरिश्चंद्र’मधली तारामती झाली ती अण्णा साळुंके या गृहस्थांनी. ते त्याआधी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात आचारी होते. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. म्हणजे वनवासात दोघांचे भांडण होण्याची सोयच ठेवली नव्हती. पण तो काळ मुक्या सिनेमाचा. आणि लोकांना पडद्यावर माणूस हलतो याचेच अप्रूप होते, मग तो बाप्या आहे का बाई हे कोण बघतो?

पण माझ्या पोतडीत एक हुकमी नाव होते, विष्णुपंत पागनीस. हेही नाटकातले स्त्रीपार्टी. ‘प्रभात’च्या दामले-फत्तेलालांनी १९३६ साली त्यांना ‘संत तुकाराम’ केले आणि त्या तुकोबाने वर्षभर मुंबईत मुक्काम ठोकला, व्हेनिसला जाऊन नाव काढले. एकाच सुमारास दोन स्त्रीपार्टी नट सिनेमात आले. एक मोठा, दुसरा त्या मानाने लहान. मोठा पडला, लहान तरला. का? माझे मत असे, की पागनिसांनी नाटकातला गळा आणि भाव तेवढा बरोबर आणला. पदर, कुंकू, हातवारे सगळे नाटकाच्या पेटीत ठेवून आले. कॅमेरा जवळ आला तेव्हा लपवण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. गंधर्वांनी मात्र सगळे रंगमंदिरच पाठीवर घेऊन यावे अशी लोकांचीच इच्छा होती. तात्यांना हे पटले असावे, कारण ते म्हणाले, “चहा होतोय का बघ.”

संगीत नाटकाचा दुसरा घोळ गाण्यांचा. सौभद्र-मानापमानाच्या काळात पदाला वन्समोअर मिळाला की नट तेच पद पुन्हा गाई, आणि तिसऱ्यांदा मिळाला तर तिसऱ्यांदा. नायिका रागावून निघून गेलेली असली तरी दारातून परत येऊन गाई आणि पुन्हा रागावून जाई. नाटक पहाटे संपे. दूधवाला आणि प्रेक्षक एकाच वेळी घरी पोचत. बोलपटाला सुरुवातीला वाटले, आपणही असेच करावे. लखनौच्या अमानत यांच्या नाटकावरून १९३२ साली मादन कंपनीने ‘इंद्रसभा’ काढला, त्यात सुमारे सत्तर गाणी होती. सत्तर! हल्लीच्या हिशेबाने दहा चित्रपटांचा माल. पण सत्तर गाणी घातली तरी वन्समोअर काही घालता येईना. पडद्यावरची राणी टाळ्या ऐकून परत फिरत नाही. हळूहळू गाणी उतरली, तीन-चार मिनिटांची झाली, आणि पुढे गाणाराही वेगळा झाला. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. नाटकात हे कुणी केले असते तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

ही पंचाईत फक्त आपलीच नाही. साहेबाचीही झाली. बर्नार्ड शॉ जिवंत असेपर्यंत आपल्या ‘पिग्मॅलियन’चे संगीतक करू देईना. तो १९५० साली गेला आणि १९५६ साली न्यूयॉर्कला ‘माय फेअर लेडी’ उभे राहिले. त्यातली फुलवाली ज्यूली अँड्र्यूज आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर रेक्स हॅरिसन. १९६४ साली सिनेमा निघाला, तेव्हा ज्यूलीबाईंना वगळून ऑड्री हेपबर्नला घेतले, आणि तिच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सन या गायिकेचा गळा दिला. बोलायला शिकलेल्या मुलीची गोष्ट, आणि गाणे उसने! इकडे हॅरिसनने हट्ट धरला, की आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवणे मला जमायचे नाही. मी रंगमंचावर जसे म्हणतो तसेच, त्या त्या वेळी म्हणणार. म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवावा लागला. त्या वर्षीचे ऑस्कर हॅरिसनला मिळाले. हेपबर्नला नामांकनसुद्धा मिळाले नाही, आणि नटीचे ऑस्कर घेऊन गेल्या त्या ज्यूलीबाई, दुसऱ्याच एका सिनेमासाठी. तात्यांना ही हकिगत इतकी आवडली, की ते ती ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगत आणि शेवटी “म्हणून सांगतो, टाय वापरावा” असे तात्पर्य काढत. त्याच शॉवरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले आणि १९७५ साली भक्ती बर्वे समोर उभ्या राहिल्या. तेव्हा उसना गळा लागला नाही की उसनी बोली. तात्या त्या रात्री घरी येताना चक्क शीळ घालीत होते.

पण गाणी नसलेल्या नाटकांचे काय, असे मी विचारी. त्यांचा प्रवास तरी सोपा असेल? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तेंडुलकरांचे नाटक १९६७ चे. गावातल्या एका हॉलमध्ये हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात आणि त्यात लीला बेणारे ही शिक्षिका खरोखरच सापडते. दार बाहेरून अडकते. आपण प्रेक्षकही त्याच हॉलमध्ये अडकतो. उठून जावेसे वाटते आणि जाता येत नाही, आणि गप्प बसलो म्हणून आपणही त्या कोर्टात सामील होतो. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्याचा चित्रपट केला. बेणारे सुलभा देशपांडेच. इथे कॅमेऱ्याने जवळ जाऊन काही उघडे पाडले नाही. उलट त्या चेहऱ्यावर जे चालले होते ते मागच्या रांगेतल्याला प्रथमच दिसले. पण हॉलचे दार मात्र आपल्यापुरते उघडे राहिले. ‘घाशीराम कोतवाल’ची अडचण आणखी निराळी. १९७२ च्या त्या नाटकातली जादू म्हणजे माणसांची भिंत. गाता गाता, डुलता डुलता तीच माणसे भिंत होतात, गर्दी होतात, पडदा होतात. १९७६ साली ‘युक्त’ नावाच्या सहकारी संस्थेतल्या तरुणांनी त्यावर चित्रपट काढला. आता सिनेमाला खरी भिंत परवडते, खरा वाडा मिळतो; आणि पंचाईत तिथेच होते. खरी भिंत मिळाल्यावर माणसांनी भिंत कशाला व्हायचे? नाटकाची गरिबी हीच त्याची श्रीमंती असते. तिचे सिनेमात काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकाला नव्याने सोडवावा लागतो.

असा आमचा वाद चाळीस वर्षे चालला. दोघांपैकी कुणीच हरले नाही, कारण हरला तर दुसऱ्या दिवशी जेवताना बोलायचे काय?

मग २०१५ ची दिवाळी आली आणि ‘कट्यार काळजात घुसली’चा चित्रपट आला. मूळ नाटक १९६७ चे. दारव्हेकरांचे लेखन, अभिषेकीबुवांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. तात्यांनी ते सात वेळा पाहिले होते. सातव्यांदा गेले तेव्हा माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. पाहुणे आले, चहा पिऊन गेले, नकार कळवला. तात्या म्हणाले, “बरं झालं. गाण्यातलं कळत नव्हतं त्यांना.”

तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे असलेल्या तात्यांना मल्टिप्लेक्समध्ये नेणे हाच एक तीन अंकी प्रवेश होता. सरकत्या जिन्यावर त्यांनी पाऊल टाकायला नकार दिला. पॉपकॉर्नचा भाव ऐकून “एवढ्यात आम्ही नाटकाचा दौरा केला असता” असे मोठ्याने सांगितले. खुर्ची मागे कलते हे कळल्यावर मात्र थोडे विरघळले. चित्रपट सुरू झाला. सुबोध भावे यांनी गोष्ट बरीच मोकळी केली आहे. नाटकातल्या पदांबरोबर नवी गाणी घातली आहेत. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच्याच गळ्याने गातात. खाँसाहेब सचिन पिळगावकर, आणि त्यांचा गळा राहुल देशपांड्यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा.

मी धास्तावून बसलो होतो. चेहरा एकाचा नि गळा दुसऱ्याचा, म्हणजे आता तात्या काय बोलतील याची मला संहिताच पाठ होती. खाँसाहेबांची तान सुरू झाली. मी हळूच बाजूला पाहिले. तात्यांनी डोळे मिटले होते. १९३७ साली अण्णांनी मिटले होते तसेच. मला वाटले, आता हे उघडतील आणि मध्यंतरात म्हणतील, मला झोप आली. तान संपली. मल्टिप्लेक्सच्या त्या थंडगार अंधारात, माझ्या शेजारून, तेवीस वर्षे कुजबुजण्याचीच सवय असलेल्या गळ्यातून एक आरोळी उठली :

“वन्समोअर!”

पुढच्या रांगेतली एक मुलगी दचकली. तिच्या मांडीवरचे पॉपकॉर्न सांडले. क्षणभर सगळे गप्प, आणि मग कुठून तरी एक टाळी वाजली, मग दुसरी, मग सगळे थिएटर. पडद्यावरचे खाँसाहेब अर्थातच थांबले नाहीत. त्यांना तात्यांचे ऐकू गेले नाही. पण तात्यांनाही ते माहीत होते. “त्याला सांगतच नव्हतो मी,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. कुणाला सांगत होते हे मी विचारले नाही.

‘कट्यार’ची ही पुण्याई, म्हणून १ जानेवारी २०१६ ला ‘नटसम्राट’ लागला तेव्हा तात्या आपण होऊन तयार झाले. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० च्या डिसेंबरातले. श्रीराम लागूंचा गणपतराव बेलवलकर तात्यांनी बालगंधर्व रंगमंदिरात पाहिला होता, सर्वांत स्वस्त तिकिटात, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून. महेश मांजरेकरांच्या चित्रपटात नाना पाटेकर. सगळा वेळ तात्या दबक्या आवाजात नानांना प्रॉम्प्टिंग करीत होते, आणि नाना चुकले नाहीत याचे अर्धे श्रेय मी तात्यांना देतो. चित्रपटात रामभाऊ नावाचा एक मित्र घातला आहे, विक्रम गोखल्यांनी केलेला. मला ही युक्ती फार आवडली. नाटकात बेलवलकर एकटाच बोलतो ते चालते, कारण समोर आठशे मित्र बसलेले असतात. पडद्यावर माणूस एकटाच इतका वेळ बोलू लागला, तर घरचे डॉक्टरला बोलावतील. म्हणून सिनेमाला ते आठशे मिळून एक माणूस द्यावा लागला.

हे मी रिक्षात तात्यांना सांगत होतो. त्यांचे लक्ष नव्हते. स्वारगेट आले तेव्हा एकदम म्हणाले, “लागूंचे डोळे कसे होते रे?”

“म्हणजे?”

“मी कधी पाहिलेच नाहीत. आवाज पाठ आहे. चालणं पाठ आहे. पण शेवटच्या रांगेतून डोळे कुठले दिसतात? आज या नानाचे दिसले. रडायच्या आधी माणसाच्या डोळ्यांत काय होतं, ते दिसलं.” मग थोड्या वेळाने, “पुढच्या रांगेतल्यांना पंचेचाळीस वर्षांपूर्वीच दिसले असणार. तिकिटाला पैसे होते त्यांच्याकडे.”

इतकी वर्षे मी ज्या मुद्द्याच्या शोधात होतो, तो असा फुकट माझ्या पदरात पडला होता. अण्णांना ज्या जवळिकीने मारले, तिनेच हेडक्लार्काला पहिल्या रांगेत नेऊन बसवले. वाद मी जिंकला होता. पण मला चष्मा काढून टेबलावर ठेवावासा वाटला नाही.

तात्या २०१८ साली गेले. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’वर चित्रपट आला, तोही सुबोध भाव्यांचाच. रंगभूमीवरच्या पहिल्या प्रयोगाला ११४ वर्षे होत आली होती. मी एकटाच गेलो. भामिनी वैदेही परशुरामी; स्वच्छ, तरुण, खरीखुरी मुलगी, कितीही जवळून पाहा. अण्णांनी पाहिली असती तर त्यांना ती भामिनी वाटली असती का, कोण जाणे. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच ‘मानापमाना’त उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले. त्या रात्रीची एक फूटभर फिल्मसुद्धा कुठे नाही. असती तर कदाचित आमच्या व्हिडिओसारखीच दिसली असती : दूरवर दोन बाहुल्या, मध्येच लांबलचक शांतता. तरी ती बघायला मी सांगलीहून चालत गेलो असतो.

व्हिडिओवरून आठवले. ती १९८६ ची कॅसेट सेक्रेटरींच्या माळ्यावर सापडली. माझ्या मुलाने ती कुठूनशी पेनड्राइव्हवर उतरवून आणली. चित्राला आता बुरशी लागली आहे. कपाट दिसत नाही, सासरे दिसत नाहीत, मी तर नाहीच नाही. त्याबद्दल कुणी हळहळले नाही. आवाज मात्र आहे. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, सगळ्या नाटकभर, फक्त तात्या बोलत आहेत.

आई आता ब्याण्णव वर्षांची आहे. तिला ती रोज संध्याकाळी ऐकायची असते. दुसऱ्या अंकात कपाटाचा प्रसंग येतो. हशाची खरखर होते. मग ती लांबलचक शांतता. तिच्या शेवटी तात्यांचा दबका, वैतागलेला आवाज येतो : “अरे गाढवा, बोल की पुढचं!”

आई तेवढ्या वेळी माझ्याकडे बघते, आणि मी बोलतो.